सांकोचोचं चूलबंद आवतण

संपादकांनी लिहायला सांगितलं तेव्हा मी विचारलं, केळीच्या निर्यातीवर लिहू का. ते म्हणाले, लिहा, पण आकडे नकोत. आकडे काढले तर माझ्या नोकरीत फारसं काही उरत नाही. उरतो तो एक रस्सा. म्हणून त्याच्यावरच लिहितो.

मी बुऱ्हाणपूरचा. वडील पॉवरलूमवर कामाला होते. मी कृषी महाविद्यालयातून पदवी घेतली. आमच्या घरात आणि आमच्या गल्लीतही कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. हे मी मुद्दाम सांगतो, कारण सांगितल्याशिवाय लोकांना कळत नाही, आणि कष्टानं मिळवलेली गोष्ट लपवावी असं मला कधी वाटलं नाही.

ती वर्षं बाजार उघडण्याची होती. मी नोकरीला लागलो त्या केळी निर्यात करणाऱ्या कंपनीच्या फाटकावर हिंदीत मोठी पाटी होती, ‘वैश्विक बाज़ार से एकीकरण’. चौकीदार तिच्या अर्ध्या भागावर टॉवेल वाळत घालायचा, त्यामुळे बहुतेक दिवस नुसतं ‘एकीकरण’ एवढंच वाचता यायचं. कशाशी ते कळत नसे. खरं तर आत आल्यावरही कळत नसे.

बाहेरच्या वाचकांसाठी धंदा थोडक्यात सांगतो. केळीच्या झाडाला एकच घड येतो. घडात एकाखाली एक फण्या, फणीत केळी. वरच्या फण्या भरदार, खाली जावं तशा बारीक. आमच्याकडचा व्यापारी घड दांड्यासकट वजनावर घेतो, म्हणून शेतकऱ्याला सगळ्यात खालची बारीक फणीसुद्धा आपलीच वाटते. बाहेरदेशी घेणारा मात्र एकेक केळं बघतो. लांबी हवी, जाडी हवी, ओरखडा नको, डाग नको. मुलगी बघायला आलेले लोक इतकं बघत नाहीत. म्हणून घड लहान असतानाच खालच्या दोन-तीन फण्या छाटून टाकायच्या, म्हणजे वरच्यांना पोसायला जास्त मिळतं. मग घडावर निळी पिशवी चढवायची. तयार झाल्यावर घड न आपटता पॅकहाउसमध्ये आणायचा, फण्या सोडवायच्या, चीक धुवायचा, खोक्यात भरायचं. आमचं पॅकहाउस बांधून तयार होतं. टाक्यांत पाणी होतं. खोक्यांवर बोटीचं चित्र होतं. केळी तेवढी नव्हती.

कारण हिरव्या घडावर सुरी चालवायला कुणी तयार नव्हतं.

हे काम शिकवायला कंपनीनं दोन तज्ज्ञ आणले होते, दोघंही कॅरिबियन समुद्राच्या काठचे. हा समुद्र नकाशात कुठे आहे ते मला पदवीधर असून शोधावं लागलं. रामोन डोमिनिकन रिपब्लिकचा, पन्नाशीचा, अंगानं भरलेला, मिशा जपणारा. एडविन कोलंबियाच्या किनाऱ्याचा, तरणा, सडपातळ, कारण नसताना हसणारा. त्यांची भाषा स्पॅनिश, इंग्रजी मोडकं. माझंही इंग्रजी कॉलेजातलंच, त्यामुळे आमचं छान जमायचं. त्यांच्याकडे शेतीची पदवी घेतलेल्याला इंजिनियर म्हणतात. ते मला ‘इंहेनियेरो’ म्हणायचे. वडिलांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी ते गल्लीत सांगितलं, आणि मी इंजिनियर नाही हे पुढे मला बऱ्याच जणांना समजावावं लागलं.

माझं काम या दोघांना बागांमध्ये नेण्याचं, त्यांचं म्हणणं शेतकऱ्यांना सांगण्याचं आणि शेतकऱ्यांचं त्यांना. दुसरं काम पहिल्यापेक्षा जपून करावं लागे, कारण शेतकरी जे म्हणत ते सगळंच सांगण्यासारखं नसे.

माझं आजोळ तिथून जवळच, खकनारकडचं. आईचे सख्खे भाऊ, काशिनाथमामा, गावातले शब्दाला वजन असलेले माणूस. सगळीकडून नकार आल्यावर मी त्यांच्याकडे गेलो. घड कसा छाटायचा त्याचा चार्ट उघडला. मामांनी चार्टकडे पाहिलंच नाही.

“तू शिकला,” ते म्हणाले. “तू म्हनतो तर काप बापा.”

रामोननं वाकडी सुरी काढली आणि मामांच्या बागेत घडाघडाच्या खालच्या फण्या उतरवत गेला. मामा बांधावर हात मागे बांधून उभे होते. सिंधूमामींनी पडलेल्या फण्या टोपलीत भरल्या आणि गोठ्यात नेल्या. म्हशीनं त्या खाल्ल्या. त्या दिवशी आमच्यात तेवढी एकटीच समाधानी होती.

मामांनी केलं म्हणून आणखी काही जणांनी आपापल्या बागेचा एकेक कोपरा दिला. पण गाव ते गाव. पारावर बोलणं सुरू झालं. “काय भो काशिनाथ, भाच्यानं बागेची हजामत केली म्हने?” “दाढी वेगळी का त्यातच?” मामा आधी हसायचे. मग पारावर जाणं कमी झालं. मग त्या रस्त्यानं जाणंच सोडलं, शेतात जायला मागचा लांबचा रस्ता धरू लागले. ज्या माणसाला विचारल्याशिवाय गावात लग्नाची तारीख ठरत नसे, तो माणूस आता बैलाच्या रस्त्यानं शेतात जात होता.

घड तयार होत आले होते, आणि चांगले होत आले होते. पण ते निळ्या पिशवीच्या आत होते, आणि पिशवीच्या आतलं गाव बघत नाही.

कापणी तोंडावर आली तेव्हा मामांनी मला ओट्यावर बसवलं.

“सोमवारी शेठची गाडी येईन,” ते म्हणाले. शेठ म्हणजे मामांची केळी वर्षानुवर्षं घेणारा व्यापारी. “देऊन टाकतो त्याले. केळं तुह्या कंपनीचं चांगलं असेन. पन बोलणं मले ऐकू येते, तुह्या कंपनीले नाही.”

 मामांनी दिलं की बाकीचेही देणार, पॅकहाउसच्या टाक्यांतलं पाणी तसंच राहणार, माझी नोकरी जाणार, हे सगळं खरंच. पण नोकरी दुसरी मिळते. मामांनी माझ्या शब्दावर बागेला हात लावू दिला आणि माझ्या शब्दापायी त्यांचा पार सुटला, हे झालं असतं तर मी आईला घेऊन आजोळच्या गावात कोणत्या तोंडानं गेलो असतो.

रामोनला मी सगळं सांगितलं. त्यानं मिशीवरून हात फिरवला.

“इंहेनियेरो, या लोकांनी आपल्याबरोबर कधी जेवण केलं आहे का?”

“नाही.”

“मग ते आपलं का ऐकतील? रविवारी सांकोचो करू.”

सांकोचो हा त्यांच्याकडचा रस्सा. नुसता रस्सा म्हटलं तर रामोनला राग यायचा. मोठ्या पातेल्यात कंद, कच्ची केळी, मका, लाल भोपळा आणि मांस एकत्र इतका वेळ शिजवायचं की कंद विरघळून रस्सा दाट व्हावा. बरोबर पांढरा भात. एकट्यासाठी सांकोचो कुणी करत नाही; करणाऱ्याच्या डोक्याबद्दल शेजारी चौकशी करतात. पाहुणे आले, नदीवर सहल गेली, घराचा स्लॅब टाकला, मयतानंतर माणसं थांबली, की सांकोचो.

इथपर्यंत दोघांचं एकमत होतं. पुढे भांडण. रामोनच्या देशात मोठ्या दिवसाला सात मांसं घालतात. एडविनच्या किनाऱ्यावर मासळीचा करतात नारळाच्या दुधात, नाहीतर तुरीच्या हिरव्या दाण्यांचा. पनामाचे लोक फक्त गावरान कोंबडी, एकच कंद आणि कोथिंबिरीसारखा एकच पाला घालतात आणि वर म्हणतात की बाकीच्यांना स्वयंपाक येत नाही. प्वेर्तो रिकोत मक्याच्या कणसाचे तुकडे भरपूर. त्रिनिदादला आपल्याकडून गेलेली माणसं आहेत, तिथे त्यात डाळ पडते आणि कणकेचे गोळे, म्हणजे जवळजवळ आपली वरणफळंच. ते ऐकून मला जरा आधार वाटला.

“त्रिनिदादचा तो सांकोचो नाही,” रामोन म्हणाला.

“याच्या मते समुद्रात एकच बेट आहे,” एडविन मला म्हणाला. “याचा सांकोचो म्हणजे खाटकाचं दुकान पाण्यात बुडवलेलं.”

“आणि याचा म्हणजे ते पाणी.”

आता मांसाचा प्रश्न. मामांचं गाव माळकऱ्यांचं. खाणारे आहेत, ते शेतात वेगळ्या पातेल्यात करून खातात, आणि गावात कुणी खात नाही हे सगळ्यांना माहीत आहे.

रामोन बोटांवर मोजू लागला. पहिली दोन नावं त्यानं घेतली आणि मी त्याला म्हटलं, ही या जिल्ह्यात पुन्हा मोठ्यानं म्हणू नकोस.

“बरं. मग पाच.”

“पाचही नाहीत.”

“बकरी?”

“नाही.”

“कोंबडी. कोंबडीला मांसात धरत नाहीत.”

“कुठे?”

“आमच्याकडे.”

“इथे धरतात.”

 एडविननं खिशातून मूठभर तुरीच्या हिरव्या शेंगा काढल्या. कुणाच्या तरी बांधावरून तोडून आणल्या होत्या. “आमची आजी उपासाच्या शुक्रवारी यात मांस घालत नाही,” तो म्हणाला. रामोन म्हणाला की तसं असेल तर हे जेवण कोलंबियाच्या नावावर होऊ दे, त्याच्या देशाचं नाव त्यात यायला नको. तरी पातेल्यांपाशी आपणच उभं राहू, असंही तो म्हणाला.

आता आवतण. आमच्या त्या भागात आवतण देण्याचे प्रकार आहेत. पागडीबंद म्हणजे फक्त घरातल्या मोठ्या पुरुषांनी यायचं. चूलबंद म्हणजे घरच्या सगळ्यांनी, म्हाताऱ्यापासून तान्ह्यापर्यंत. त्या दिवशी त्या घरात चूल पेटवायचीच नाही. गावात आवतण फिरवायचं काम सुपडूभाऊंकडे. वय झालेले, पाय सडसडीत, आवाज खणखणीत. दारात उभे राहून कुणाकडे, कशाचं आणि कोणतं आवतण, एवढं सांगून पुढे जातात. त्यांना चहा विचारला तर म्हणतात, अजून अर्धं गाव बाकी आहे. सगळं गाव झाल्यावरही तेच म्हणतात.

मी त्यांना सांगितलं, ज्यांनी ज्यांनी बागेचा कोपरा दिला तेवढ्यांनाच. पागडीबंद. सुपडूभाऊंनी मान हलवली.

रविवारी सकाळी मामांच्या मळ्यात चर खणून चूल केली. गावकीची दोन मोठी पातेली आणली. अरवी म्हणजे अळूचे कंद, रताळी, सुरण, गंगाफळ (लाल भोपळ्याला आम्ही गंगाफळ म्हणतो), मक्याची कणसं, कच्ची केळी. रामोनच्या गावात वापरतात ती केळी वेगळ्या जातीची, घट्ट. आमची केळी त्यानं चिमटीत दाबली आणि मान दुसरीकडे वळवली. त्याला एक सुगंधी पाला हवा होता, मी ओव्याची पानं दिली. त्यानं ती चुरगाळून वास घेतला आणि ठेवून घेतली. त्याच्या बाबतीत ही मोठी पसंती.

पातेल्यात पहिलं पाणी खदखदायला लागलं, आणि बांधावर एक आजीबाई दिसल्या. हातात ताट-लोटा. मला वाटलं, वाट चुकल्या असतील. त्यांच्यामागे त्यांची सून, कडेवर मूल. त्यामागे आणखी ताटं. उन्हात चमकत एका रांगेत बांधावरून येत होती. पागडीबंद जेवणाला आजी ताट घेऊन येत नाही. मला समजायचं ते समजलं.

रांगेच्या शेवटी सुपडूभाऊ होते. त्यांच्याही हातात ताट.

“सुपडूभाऊ, मी पागडीबंद सांगितलं होतं.”

“हो, सांगतलं व्हतं.”

“मग?”

“भाच्या, पागडीबंद आवतण कधी देतेत? तंटा मिटवायचा असला तर. चार मानसं बसतेत, जेवतेत, मिटवतेत.” ते माझ्या जवळ सरकले. “तंटा आहे हे मलेबी माहीत आहे. पन ते दारोदार जाऊन मी कशाले सांगू? मंग म्हनलं चूलबंद. पाहुन्यायचं पहिलंच जेवन गावात. शोभा पाहिजे.”

“किती घरी सांगितलं?”

“सगळ्याच. एखादं सोडलं असतं तर मंग तंटाच झाला असता.”

 

मी रामोनला सांगितलं की गाव आलं आहे. थोडं? नाही, सगळं. एडविननं टाळी वाजवली. त्याच्याकडे असंच होतं म्हणे. माणसं येत जातात, पाणी वाढत जातं, कंद वाढत जातात. रामोन मात्र पातेल्याकडे बघत राहिला. पातळ सांकोचो वाढणं म्हणजे त्याच्या दृष्टीनं पँट न घालता रस्त्यावर जाणं होतं.

“परत पाठव.”

“पाठवता येत नाही. त्यांच्या घरी आज चूल नाही.”

“म्हणजे?”

मी समजावलं. गावभर एकाही घरात विस्तव नाही आणि हे आपल्यामुळे झालं आहे. इथून कुणी उपाशी गेलं तर ते परत कुठल्याच आवतणाला मान देणार नाही, आणि मामांना गाव सोडावं लागेल. हे शेवटचं मी थोडं वाढवून सांगितलं, फार नाही.

तेव्हा सिंधूमामी उठल्या. चूल पेटवायची मनाई असते, कच्चं द्यायला मनाई नसते. त्यांनी बायकांना खुणावलं. बायका घरी गेल्या आणि छपरावरची गंगाफळं, कोपऱ्यातली अरवी, परसातली रताळी, जे असेल ते पदरात घेऊन परत आल्या. शेजारच्या तुरीच्या शेतातून शेंगांचे भारे आले. पन्नासेक बायका गोलात बसून शेंगा सोलू लागल्या आणि एडविन त्यांच्यात जाऊन बसला. एका अंगठ्यानं शेंग उघडून तो दाणे सटासट पाडत होता.

“याचं लगन झालं का व?” एकीनं मला विचारलं.

“नाही.”

“पाहा बापा कोणी. घरकामाचा आहे.”

एडविनला मी भाषांतर करून सांगितलं. तो लाजला, आणि त्याच्यापुढचा ढीग आणखी लवकर संपला.

दुपार कलली तेव्हा दोन्ही पातेली काठोकाठ भरली. कंद विरघळले होते, गंगाफळानं रंग धरला होता, तुरीचे दाणे वर येत होते. रामोननं चव घेतली, लिंबू पिळलं, पुन्हा चव घेतली, आणि हात पुसले. त्याच्या मतानं झालं होतं.

सिंधूमामींनी पळीतून थेंब तळहातावर घेतला आणि चाटला.

“मीठ आहे,” त्या म्हणाल्या. थोडं थांबून म्हणाल्या, “बाकी काय आहे?”

बाकी काही नव्हतं. त्यांच्याकडे सांकोचोत तिखट नसतं. मामींनी अजिबात वेळ घालवला नाही. चराच्या कडेला कढई ठेवली, शेंगदाण्याचं तेल ओतलं, लसूण ठेचून टाकला, लाल मिरची टाकली आणि काळा मसाला घातला. मळाभर ठसका पसरला. आलेली माणसं पहिल्यांदाच जरा सैल होऊन बसली. मामींनी फडक्यात धरून कढई उचलली आणि पातेल्याकडे निघाल्या.

रामोन पातेल्यासमोर उभा राहिला. दोन्ही हात पसरून.

“नाही,” तो म्हणाला. हे मराठीत म्हणायला तो शिकला होता.

मामी थांबल्या. त्यांच्या हातात उकळतं तेल, समोर रामोनचं पोट. मागे गाव ताटं घेऊन बसलेलं.

“काय म्हनतो तो?” मामींनी मला विचारलं.

रामोन मला स्पॅनिशमध्येच सांगत होता, इतका तो गडबडला होता. एडविननं इंग्रजी करून दिलं. हे त्याच्या आजीचं आहे. आजीनं आईला शिकवलं, आईनं त्याला. मांस काढलं, ते त्यानं सोसलं. केळी चुकीच्या जातीची, तेही सोसलं. पाणी वाढलं, सोसलं. आता वर तेल ओतून मिरची घातली तर हे काय आहे ते त्याला सांगता येणार नाही.

मी हे सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. कुणी हसलं नाही. एक म्हातारा म्हणाला, “खरं आहे बापा त्याचं.” तरी मामी कढई खाली ठेवेनात.

तेव्हा मामा उठले. सकाळपासून ते आंब्याखाली खाटेवर बसून होते, कुणाशी बोलले नव्हते. ते रामोनच्या समोर आले. दोघंही साधारण एकाच अंगाचे. मामा त्याच्याकडे बघत होते पण बोलत माझ्याशी होते.

“त्याले सांग. त्यानं घड कापले, तवा मी बांधावर उभा होतो. माह्या बापानं लावलेल्या बागेत. त्याले वाटलं असेन, हा काहीच बोलत नाही. मले काय वाटत व्हतं ते त्याले आता समजलं असेन.”

मी सांगितलं. एक शब्द कमी केला नाही, एक जास्त घातला नाही. माझ्या सगळ्या नोकरीत इतकं नेमकं भाषांतर मी दुसरं केलं नसेल.

 तेल थंड होत होतं आणि ते मामींच्या चेहऱ्यावर दिसत होतं. शेवटी तो बाजूला सरकला. पूर्ण नाही. एका पातेल्यावरून सरकला आणि दुसऱ्यापुढे जाऊन उभा राहिला. बोटानं दाखवलं, ते तुमचं, हे माझं.

मामींनी आपल्या पातेल्यात फोडणी ओतली. चर्र झालं, तांबडा तवंग आला आणि पंगत बसली. लोकांनी भातावर घेतला, ज्यांनी घरून कालच्या भाकरी आणल्या होत्या त्यांनी त्या कुस्करून घेतला. तुरीचे दाणे तर आमचेच, कंदही आमचेच. पहिल्या फेरीनंतर कुणी हे विदेशी आहे असं म्हणेना. दुसऱ्या फेरीला लोक मसाल्याबद्दल एकमेकांशी वाद घालू लागले. म्हणजे ते आता आमचंच झालं होतं.

रामोनच्या पातेल्याकडे कुणी येत नव्हतं. तो पळा हातात धरून सरळ उभा होता. मग त्या पहिल्या आजीबाई उठल्या. दात एकही नव्हता. त्यांनी ताट पुढे केलं. त्याचं वाढलेलं त्यांनी बोटांनी चाटून खाल्लं आणि पुन्हा ताट पुढे केलं. मग दुसरे म्हातारे आले, मग तिखट न खाणारी लहान पोरं. त्या दिवशी गावातल्या दात नसलेल्या सगळ्या माणसांचा रामोन लाडका झाला. पुढे कितीतरी दिवस तो गावात शिरला की म्हाताऱ्या त्याला हाक मारून विचारायच्या, पुन्हा कधी करतो म्हणून.

पंगत उठल्यावर त्यानं मामींच्या पातेल्यातलं वाटीभर घेतलं. डोळ्यांतून पाणी आलं, नाक गळलं, मिशी भिजली. “हा सांकोचो नाही,” तो म्हणाला. आणि वाटी पुन्हा भरून घेतली.

मामा खाट उचलून घरी गेले. एडविनला वाटलं, जमलं. मला काही कळत नव्हतं. मामांचा चेहरा वाचायचं शिक्षण कॉलेजात नव्हतं.

सोमवारी सकाळी मी मळ्यात गेलो तेव्हा शेठची गाडी उभी होती. त्याचे कापणारे विळे घेऊन उतरले होते. शेठ आणि मामा बांधावर बोलत होते. मी थोडा लांब थांबलो, कारण जवळ जायची हिंमत नव्हती.

“आज नाही शेठ,” मामा म्हणाले.

“भाव कमी वाटून राह्यला का?”

“भाव ठीक आहे.”

“मग कोणी दुसरा आला?”

“नाही. काल या कंपनीच्या पाहुन्यायकडे जेवलो.”

“तुम्ही?”

“सगळं गाव. चूलबंद.”

 शेठ काही लांबचा नव्हता. चूलबंद जेवून दुसऱ्याच दिवशी त्याच माणसाला पाठ दाखवता येत नाही हे त्याला समजावायची गरज नव्हती. त्यानं कापणाऱ्यांना गाडीत बसायला सांगितलं.

“काय वाढलं व्हतं?” त्यानं जाता जाता विचारलं.

“रस्सा,” मामा म्हणाले. “तुरीच्या दाण्याचा. थोडा फिका.”

गाडी गेली. त्या आठवड्यात आमच्या टाक्यांत पहिले घड उतरले. रामोननं मामांच्या केळ्यांतली बरीच बाजूला काढली, ओरखड्याची, फार वाकलेली. मी घाबरत मामांना सांगितलं. मामांनी बाजूला काढलेल्यातलं एक उचललं, सोलून बघितलं, आणि विचारलं, “हे कोन खाईन?”

“इथेच विकू.”

“मंग वाईट काय झालं,” ते म्हणाले. संध्याकाळी ते पारावर गेले. तिथे कुणीतरी हजामतीचं काढलं. मामांनी सांगितलं की हजामत चांगली झाली आहे, ज्याला करून घ्यायची त्यानं नंबर लावावा. लावलाही काही जणांनी.

ती कंपनी आता नाही. तशा नंतर बऱ्याच आल्या, त्यांच्याकडे यंत्रं चांगली आहेत, माणसं शिकलेली आहेत, आणि बागेत जाऊन कुणी कुणाशी भांडत नाही, सगळं फोनवर येतं. मला त्याचं वाईट वाटतं. का वाटतं ते सांगून संपवतो.

पुढच्या हंगामात नवीन घड बाहेर आले तेव्हा मामांनी निरोप पाठवला. मी रामोनला घेऊन गेलो. मामा म्हणाले, दोन फण्या काढायच्या, तिसरीला हात लावायचा नाही. रामोन म्हणाला, तीन. मी दोघांच्या मध्ये उभा राहून भाषांतराला सुरुवात केली. मामांनी हातानं मला बाजूला केलं. एका घडाशी उभे राहून ते मराठीत भांडू लागले आणि रामोन स्पॅनिशमध्ये. मामा बोटं दाखवत, रामोन सुरी दाखवी. मग दोघं पुढच्या घडाकडे जात आणि पुन्हा तेच. कुठे दोन निघाल्या, कुठे तीन. बागेच्या दुसऱ्या टोकाला ते दिसेनासे झाले, आवाज तेवढा येत होता. मी बांधावर एकटाच उभा होतो, पदवीधर, दोन्हीकडच्या गोष्टी सांगायला तयार, आणि दोघांपैकी कुणालाही माझी गरज नव्हती.